दुसरं चक्र

बंदुका दुरुस्त करणारा लॉयल म्हणजे आमच्या वायोमिंगकडचा नावाजलेला कारागीर. त्याच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारा रिव्हॉल्व्हर घेऊन उभा होता.

"लॉयल, याला गोळ्या भरायचं दुसरं चक्र बसवून दे. हलकी काडतुसं उडवायची आहेत. जडवाल्यांनी मनगटाची वाट लागते."

"वर्लिनकाका, याच्याबरोबर दोन चक्रं येतात, जड काडतुसांचं आणि हलक्यांचं. हलक्यांचं आलंच असेल की."

"हे काय, आणलंय. पण मेलं अडकतं."

"अडकणारच! यावरचा नंबर बघा आणि रिव्हॉल्व्हरवरचा बघा. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

"ड्यूईचं असणार. आम्ही भावांनी सारखीच घेतली होती. माझ्याच स्वयंपाकघरात टेबलावर दोन्ही खोलून पुसत बसायचो, तेव्हाच अदलाबदल झाली असेल."

"मग त्यांच्याकडून बदलून आणा."

"अकरा वर्षं बोललो नाही आम्ही. तू नवंच बसव."

"नाही बसवणार."

"का रे बाबा?"

"मार्चमध्ये ड्यूईकाका हीच तक्रार घेऊन आले होते. मी म्हटलं, नवं बसवू?"

"मग?"

"म्हणाले, नको. वर्लिनचं मनगट दुखायला लागलं की येईल तो मागायला."

"गाढव आहे. दे ते इकडे. दुपारी घरी असतो ना तो?"