संकीर्ण, कप्पा चार

"हॅलो? …हॅलो! …उगवलास एकदाचा! सकाळपासून अकरा फोन केले, टिल्ल्या, अकरा! …मीटिंग? आग लागो तुझ्या मीटिंगला. …अरे, आधी ऐक. ऐकून घे ना!"

टिल्ल्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, चांगला सहा फूट उंच. दुसऱ्या शहरात एका ऑफिसातल्या दोनशे माणसांचे कॉम्प्युटर तो दुरुस्त करायचा. बहिणीचा एक दुरुस्त करायची वेळ आली की नेमकी त्याची मीटिंग निघायची, असं निदान ताईचं ठाम मत होतं. ताई दात बनवायची. घराच्या मागच्या खोलीत. डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचं माप कॉम्प्युटरवर यायचं, त्यावरून ती प्रोग्राममध्ये दात घडवायची आणि शेजारचं मशीन तो दात ठोकळ्यातून कोरून काढायचं. आज तो प्रोग्रामच उघडत नव्हता.

"समोरचे दोन दात, टिल्ल्या. समोरचे! त्या पेशंट बाईची पाच वाजता मुलाखत आहे, शिक्षिकेच्या नोकरीची. वर्गापुढे उभं राहून शिकवून दाखवायचंय तिला. …हो, आजच! डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत दात आले नाहीत तर यापुढे सगळं काम मोठ्या लॅबला. …नाही, चिडून नाही म्हणाले. शांतपणे म्हणाले, तेच वाईट. …दात कालच घडवून ठेवलेत रे. नुसते उघडून मशीनला द्यायचेत. …सव्वादोन. कोरायलाच पाऊण तास जातो. …हो, हो… वाचते. 'प्रोग्राम सुरू करता येत नाही, कारण के आर शून्य सात टिंब डीएलएल ही फाइल सापडत नाही.' …के! कपाटातला के! …बंद करून चालू? चारदा केलं. एवढी काही बावळट नाहीये मी."

तिनं फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला आणि माउसवर असा काही हात आपटला, जणू दुखणं त्याचंच आहे.

"…म्हणजे प्रोग्राम सगळं स्वतःजवळ ठेवत नाही? लागेल ते या फाइलींकडून मागून घेतो? …आणि एक जरी जागेवर नसली की रुसून बसतो. छान. आपल्याच घराण्यातला दिसतोय. …बाबा, थांबा जरा, फोनवर आहे ना मी."

बाबा दारात आले होते. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अडतीस वर्षं काढून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले, पण शर्टाच्या खिशातलं पेन अजून निवृत्त झालं नव्हतं. काखेत वही होती. ते मागे सरले.

"हां, बोल. …अरे, मला एक साइट सापडलीय. तीच फाइल फुकट देतात म्हणे. चार हिरवी बटणं आहेत, त्यातलं कुठलं दा… ओरडतोस कशाला! …नाही दाबलं. …नाही म्हटलं ना! …बरं, कळलं, त्यात कुणी काय भरून ठेवलंय देव जाणे. सुटी फाइल वाटेवरून उचलायची नाही. केली बंद. …मग प्रोग्रामच पुन्हा टाकायचा तर कंपनीकडून नवा कोड लागतो. केला होता त्यांना फोन! पंचवीस मिनिटं बासरी ऐकवली आणि कट. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणे. डोंबल मोलाचा! …बाबा, प्लीज! नंतर! …बाबांना म्हटलं. मगापासून येरझाऱ्या घालतायत. त्यांना काय, वेळच वेळ आहे."

बाबा परत दारात आले होते आणि परत मागे सरले. ताईचं लक्ष घड्याळाकडे.

"…टोपली? म्हणजे पुसलेल्या फाइली जातात ती? …बघितली. लख्ख रिकामी आहे. …बरं, नाव टाकून शोधते. के… आर… शून्य… सात… फिरतंय. …फिरतंय अजून. …टिल्ल्या! सापडली! अरे, सापडली! …कुठे काय, थांब, वाचते. 'कपाट दोन'. त्यात 'कप्पा चार'. त्यात… 'संकीर्ण'."

ताईनं ते नाव पुन्हा वाचलं. कशातच न बसणारी कागदपत्रं ज्या गठ्ठ्यात बांधतात त्याला रेकॉर्ड रूममध्ये 'संकीर्ण' म्हणतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. कॉम्प्युटरच्या पोटात कपाटं मांडणारा माणूस अख्ख्या जगात एकच असू शकत होता.

"बाबा! इकडे या! …तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावलात? …कधी? …काल दुपारी? …पसारा? कोण म्हणालं पसारा? …मी? …जेवताना? …अहो, म्हणाले असेन! माणूस वैतागला की म्हणतो, नुसता पसारा झालाय, कुणीतरी आवरायला हवा! तो काय सरकारी हुकूम होता का? …टिल्ल्या, ऐकतोयस ना? तीनशे बारा फाइली! सगळ्या एका कप्प्यात, एकसारख्या, एका तोंडवळ्याच्या! कुठली कुठल्या फोल्डरातून उचललीय, आता कुणाच्या बापाला… हो, बापालाच ठाऊक!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखीच भडकली.

"पण मला एक सांग, यांना फाइल हलवायला शिकवलं कुणी? …काय? …मोठ्यानं बोल. …तू? …फोनवरून? …अरे वा! जुने फोटो लावायला शिकवलंस! लांबून शिकवायला काय जातं रे तुझं? तू शिकवणार, ते हलवणार आणि निस्तरायचं मी! आठ महिन्यांत एकदा तरी आलास का त्यांना भेटायला? …मीटिंग, मीटिंग! …बाबा, तुम्ही बाहेर जा. खरंच जा. या खोलीत कशालाही हात लावू नका. कशालाच! …वही नकोय मला आत्ता! ठेवा तिथे आणि जा!"

बाबांनी खिशातलं पेन काढलं. उभ्याउभ्याच वहीत काहीतरी लिहिलं, वही टेबलाच्या कडेला अगदी सरळ रेषेत ठेवली आणि गेले. दारही लावून घेतलं, आवाज न करता.

"…गेले. …हो, ओरडले. ओरडू नको तर काय करू? अडीच वाजले! …वही? असेल कसली तरी. …तू बघ म्हणतोस तर… बरं बाबा, बघते. …रकाने आखलेत. अनुक्रमांक. फाइलचं नाव. कुठून उचलली. कुठे ठेवली. मूळ जागी परत. सही. …टिल्ल्या. …अरे, सगळं लिहिलंय. एकूण एक. त्या गिचमिड नावांतलं टिंबसुद्धा सोडलेलं नाही."

थोडा वेळ नुसते कागद उलटल्याचे आवाज झाले.

"…आमच्या प्रोग्रामच्या एकोणीस आहेत. सगळ्या एकाच फोल्डरातल्या. …आधी एकच ठेवून बघते. …ठेवली. …छे! आता दुसरीच मागतोय! …हो, हो… एकोणीसच्या एकोणीस, कळलं. निवडल्या. कट. …पेस्ट. …आता उघडते. …गप्प बस दोन मिनिटं. …उघडला! टिल्ल्या, उघडला! दात दिसतायत! …थांब, मशीनला देते आधी. …ऐकू येतंय का? सुरू झालं. दोन पन्नास. साडेतीन-पावणेचारला दात हातात, आणि दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पोचते मी. …बाकीच्या? बाकीच्या दोनशे त्र्याण्णव तू रविवारी येऊन ठेवायच्यास. फोनवरून नाही. येऊन! …हसू नकोस. मला नाही हसू येत."

मशीन घरघरत होतं. लावलेल्या फाइलींसमोर खुणा करून टाकाव्यात म्हणून ताईनं वहीचं शेवटचं पान उलटलं. तीनशे बारावर नोंदी संपायला हव्या होत्या. संपल्या नव्हत्या. खाली एक ओळ होती, शाई अजून ओली.

"…आहे रे, आहे फोनवर. …काही नाही. …अरे, अजून एक नोंद आहे. आत्ता मगाशी, जाताना लिहिलेली. …वाचू? 'तीनशे तेरा. फाइलचं नाव: मी स्वतः. कुठून उचलली: मुलीची कामाची खोली. कुठे ठेवली: जिन्यातला बाक.' …सही केलीय. तारीखही घातलीय. …नाही. 'मूळ जागी परत', तो रकाना कोरा आहे."

ताई वही घेऊन उठली आणि तिनं दार उघडलं.

"…हो रे, मगापासून वहीच दाखवायला येत होते. तीनदा आले. तीनदा हाकललं मी. …नको, तू नको बोलूस त्यांच्याशी. आधी मी. …रडत नाहीये! …ठेवते. …ठेव म्हटलं ना! …बाबा! अहो बाबा… आत या ना. पेन घेऊन या. परतीची सही राहिलीय तुमची."