फिनलंडातला भगत

...आणि वर लोक म्हणतात काय, बन्सीलाल विलायतेत मजा मारून आला! मजा? अहो, तुम्हाला सांगतो, मरता मरता वाचला तो! बोटीत बसला, आगगाडीत बसला, गोऱ्यांच्या पंगतीला जेवला, एवढंच तुम्हाला दिसतं. त्याला कपडे काढून कोंडलं होतं ते दिसतं का? काळ्याकुट्ट खोलीत, धगधगत्या धोंड्यांपुढं, आणि भोवती हातात डहाळ्या घेतलेली माणसं... थांबा, असं मधूनच नको, नाहीतर म्हणाल नथ्थू फेकतोय. मी कशाला फेकू? सख्खा चुलतभाऊ माझा, एका खाटेवर झोपून वाढलोय आम्ही. त्यानं कोणाला सांगितलं नाही ते मला सांगितलं, आणि कोणाला सांगू नको म्हणाला, म्हणून तर तुम्हाला सांगतोय!

तर बन्सी गेला एडिंबरोला, जंगलाचं शास्त्र शिकायला. आता जंगल शिकायला समुद्र ओलांडायचा? तळोद्याच्या वर सातपुडा काय थोडा पडलाय? पण नाही! काकांना पोरगा जंगलखात्याचा मोठा साहेब करायचा होता. बरं, गेला तर एडिंबरोत गपगुमान राहावं, तर तिथल्या म्हाताऱ्या प्रोफेसरसाहेबांनी उन्हाळ्यात सगळ्या वर्गाला काढलं सहलीला. अभ्याससहल म्हणे! कुठं? फिनलंडात! ते कुठं आलं म्हणून मला विचारू नका, मी अजून खांडबाऱ्याच्या बाजारापुढं गेलेलो नाही. बन्सीनं नकाशात दाखवलं तर बोट वर, वर, वर, कागद संपतो तिथं जाऊन टेकलं. तिथं नुसती झाडं, झाडं संपली की तळं, तळं संपलं की पुन्हा झाडं. आणि सूर्य मावळत नाही! अहो खरंच मावळत नाही! जंगलाच्या कडेपर्यंत खाली येतो, जरा विचार केल्यासारखा करतो, आणि पुन्हा वर! सांगा, माणूस भिईल की नाही?

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. निघताना आमच्या कौसाकाकूनं, म्हणजे बन्सीच्या आईनं, त्याला शपथ घातली होती की बाबा, कुठंही अस, दिवेलागणीला मारुतीचं नाव घ्यायचं. आता दिवेलागण होईल तेव्हा घेणार ना? ती होईचना! मग बन्सीनं काय करावं? चुकायला नको म्हणून सारखंच घ्यायला लागला. झाडं मोजताना मारुती, नावेत मारुती, प्रोफेसर काही विचारताहेत आणि ह्याचे ओठ आपले हलताहेत! झोप म्हणाल तर उजेडात यायची नाही, डोळे लालभडक. जेवण म्हणाल तर सकाळी मासा, दुपारी मासा, संध्याकाळी ते शिंगांचं जनावर. आमच्या घरी अंडं फुटलं तर काकू घर सारवून काढते, तो काय खाणार? बटाटे नि काळी भाकरी, ती पण दगडासारखी. त्यात तिथले डास! चावून चावून तोंड सुजलेलं.

आता नीट बघा हं. माणूस खात नाही. झोपत नाही. डोळे लाल, तोंड सुजलेलं, आणि स्वतःशी पुटपुटतो. आपल्या गावात असा माणूस दिसला तर काय म्हणतात? बरोबर! हेच बन्सीच्या मनात आलं. एका सकाळी तळ्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि दोन पावलं मागंच सरला. म्हणाला, नथ्थू, मलाच वाटलं रे, मला काहीतरी लागलंय!

ज्या शेतकऱ्याकडे मुक्काम होता त्याची आई, हिल्मा नावाची म्हातारी, फार बोलायची नाही. तिकडं कोणीच बोलत नाही म्हणे, लाकडं बोलतील पण माणसं नाही. ती नुसती बन्सीकडे बघायची. चुलीपाशी बसून बघायची, गाय पिळता पिळता बघायची. आणि एका संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, ऊन टळटळीतच होतं, ती उठली, प्रोफेसरांच्या कानाशी काहीतरी बोलली, बन्सीकडे बोट केलं आणि बाहेर गेली लाकडं फोडायला. प्रोफेसर खुशीत येऊन म्हणाले, "बन्सीलाल! म्हातारी म्हणते ह्या पोराचं काही ठीक नाही. आज त्याच्यासाठी ती खोली तापवते. बघ, आत जे काही आहे ते सगळं निघून जाईल!"

जे काही आहे ते! काय आहे? ह्यांना कसं कळलं?

खोली होती तळ्याच्या काठाला, एकटी, ओंडक्यांची, घरापासून लांब. धुराडं नाही, खिडकी नाही, धूर दारातनं निघतोय, भिंती आतनं काळ्या ठिक्कर. बन्सीनं धीर करून विचारलं की ही खोली कशाची? म्हातारी बोलली. नेमकी तेव्हाच बोलली! प्रोफेसर कौतुकानं सांगायला लागले, "ती म्हणते माझी सगळी मुलं हिच्यात जन्मली. आणि नवरा मेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळही हिच्यातच घातली. किती पवित्र जागा बघ!" आता मला सांगा, ज्या खोलीत मढं धुतलं तिथं तुमच्यासाठी खास लाकडं पेटवलीत... माणूस भिईल की नाही?

पळायचं तरी कुठं? चहूकडं जंगल, आणि लपायला अंधार म्हणून नाही! आणि नाही म्हणायचं तरी कसं? ह्याच प्रोफेसरांच्या एका शब्दावर पुढची नोकरी. गेला आत. आत गेला तर सगळे उघडे! शेतकरी उघडा, त्याचे गडी उघडे, आणि प्रोफेसर... अहो, ज्यांच्यापुढं वर्गात मान वर करायची सोय नाही ते प्रोफेसर, दाढीशिवाय अंगावर काही नाही, आणि वर "ये, बस, बस!" बन्सीनं लंगोट तेवढा घट्ट धरून ठेवला. दार लागलं. अंधार! इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंधार मिळाला तो असा! पाणी टाकायला आत आलेल्या म्हातारीनं तापल्या धोंड्यांवर पळीभर पाणी टाकलं, चर्रर्र करून वाफेचा लोट उठला तो कानात, नाकात, घशात. आणि मग म्हातारीनं कोपऱ्यातनं पानांच्या डहाळ्यांची जुडी काढली, पाण्यात बुडवली, झटकली आणि प्रोफेसरांच्या हातात दिली. प्रोफेसर म्हणाले, "बन्सीलाल, पाठ कर."

इथं मी जरा थांबतो. कारण तुम्ही हसताय, आणि बन्सीला त्या वेळी काय दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

त्याला तुळशीआत्या दिसली. आमची आत्या. तिचं तान्हं गेलं आणि तिनं खाणं सोडलं, झोप सोडली, एकटीच पुटपुटत बसायची. घरच्यांनी वाहरू भगताला बोलावलं. कडब्याच्या खोलीत कोंडलं तिला, मिरच्यांची धुरी दिली, आणि निंबाच्या डहाळ्यांनी... "कोन शे तू? बोल! कोठून उनी?" अंगात कोण शिरलंय, कोठून आलंय, ती बिचारी काय बोलणार? म्हणायची, "मी तुळशी शे हो... मी तुळशीच शे..." बन्सी तेव्हा एवढासा, दाराच्या फटीला डोळा लावून उभा होता. आत्या बाहेर आली ती पुन्हा कधी बोललीच नाही. पाऊस पडायच्या आत गेली. खूप लाड करायची हो ती आमचे.

तर प्रोफेसरांनी डहाळी उचलली मात्र, बन्सी ओरडला, "मी बन्सीलालच शे! मी बन्सीलालच शे!" आणि दाराला धडक देऊन जो सुटला! मागं बघतो तर काय, सगळे मागं! उघडेनागडे, हातात डहाळ्या, आरडाओरडा करत! कधी नव्हे ते बोलायला लागले! पुढं तळं. तापीकाठचं पोरगं ते, घेतली उडी! आणि पाणी? अहो, कालपरवापर्यंत बर्फ होतं ते! वर डोकं काढतो तो धप! धप! धप! सगळे पाण्यात! पोहत मागं येताहेत! बन्सी मारुतीचं नाव घेत हात मारतोय, आणि त्याच्या शेजारीच पाण्यातनं दाढी वर आली. प्रोफेसर! दात काढून हसताहेत. "शाब्बास! हे तुला कोणी शिकवलं?"

काय शिकवलं? तर तिकडची रीतच ती! आधी वाफेत भाजून घ्यायचं, एकमेकांची पाठ डहाळीनं हलकी झोडायची, आणि मग पळत जाऊन तळ्यात उडी टाकायची. नुसती आंघोळ हो! जीव मुठीत घेऊन पळाला आणि रीत बरोबर पाळली! शेतकरी नि गडी त्याच्या पाठीवर थापा मारताहेत, हिल्मा म्हातारी पहिल्यांदा हसली, तिनं त्याला घोंगडीत गुंडाळून बटाटे खाऊ घातले. त्या दिवशी बन्सी जेवला, आणि उन्हात ढाराढूर झोपला. पण बातमी पुढं पळाली ना! हिंदुस्थानचा पोरगा, प्रोफेसरांच्या आधी तळ्यात! मग काय, पुढच्या प्रत्येक मुक्कामी ह्याच्यासाठी खास खोली तापलेली. नाही म्हणायची सोय नाही. एकदा पळाला म्हणून सबंध सहलीत भाजला!

संपलं म्हणता? कुठलं! भाजून भाजून त्याला चटकच लागली. पुरता गोरा साहेब होऊन घरी आला आणि ऐन वैशाखात, जमीन फुटतेय अशा उन्हात, न्हाणीचं दार लावून उकळतं पाणी अंगावर घेतो! डहाळीनं आपलीच पाठ बडवतो! ओल्या अंगानं पळत तापीच्या डोहात जाऊन पडतो! काकूचा धीरच सुटला. आणि तिनं कोणाला बोलवावं? वाहरूला! तोच वाहरू, म्हातारा झालेला, तीच कडब्याची खोली. "मन्हा पोऱ्याले वाचाड बाबा," काकू रडतेय, दार लागलं, आणि ह्या खेपेला फटीला डोळा लावून मी उभा. सांगा, माणूस भिईल की नाही?

वाहरूनं धुरी केली, डहाळी उगारली. "कोन शे तू? कोठून उना? बोल!"

बन्सीनं शांतपणे सदरा काढला, घडी करून ठेवला. म्हणाला, "वाहरूबाबा, मिरच्या कसाले बाळस? डोयास्ले झोंबतस. दगडं तापाड, वर पानी टाक." मिरच्या जाळू नको, दगडं तापव म्हणे! वाहरूचा हात वरचा वरच! मग बन्सी उठला, त्याच्या हातातनं डहाळ्या काढून घेतल्या आणि म्हणाला, "आते तू बस, बाबा. पाठ कर. मन्ही तुळशीआत्या जठे बठनी व्हती, तठेच बस."

वाहरूनं दार तोडलं हो! धोतर एकीकडं, पागोटं एकीकडं, गाव मागं टाकून थेट तापीच्या डोहात! आणि बन्सी काठावर उभा राहून ओरडतोय, "शाब्बास! हे तुला कोणी शिकवलं?" ओरडला, हसला, आणि मग तिथंच मटकन बसून आत्याच्या नावानं रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

वाहरूनं धंदा सोडला. झालं ना चांगलं? पण गाव म्हणायला लागलं, वाहरूला पळवणारा हा त्याच्याहून मोठा भगत! आता पंचक्रोशीत कोणी खाईना, कोणी झोपेना, कोणी पुटपुटायला लागलं की गाडीत घालून बन्सीच्या दारी. हा साहेब पण कोणाला परत पाठवत नाही. गरम पाण्यानं न्हाऊ घालतो, पाठीवरनं पानं फिरवतो, घोंगडीत गुंडाळून बटाटे खाऊ घालतो, आणि ते माणूस रडून बोलेपर्यंत शेजारी बसून राहतो. सातपुड्याचं जंगल राहिलं तिकडंच! आणि ह्या वैशाखात ती चूल कोण पेटवतं? दगडं कोण तापवतं? डहाळी तोडायला निंबावर कोण चढतं? अहो, विलायतेला तो जाऊन आला, आणि भाजतोय मी!