हरल्यावर तोंड कसं ठेवायचं

न्हाय, तुम्हीच सांगा, हरल्यावर तोंड कसं ठेवायचं ही काय कुणी शिकवायची गोष्ट हाय? भाकरी थापायला शिकवा, पेरताना पाभर धरायला शिकवा, पर हरलेलं तोंड… ते ज्याचं त्याला आपोआप येतंय की. पर न्हाय, सिद्धलिंग गुरुजींनी मलाच धरलं. त्यांचं काय झालं, उन्हाळ्यात कुठल्यातरी शिबिराला गेले अन् येताना एक शब्द घेऊन आले, खिलाडूवृत्ती. मला म्हणले, "तात्या, ही आपल्या लेकरांत आणायची हाय." म्या म्हणलं, आणा की, मुरुम गावच्या बाजारात मिळत असंल तर दोन शेर जास्तीच आणा. "तसं न्हाय तात्या, ती तुम्हालाच आणायची हाय." आता मला काय ठाव? मी आपला सावलीला बसलेला माणूस.

आता सावलीला का बसलो ते बी सांगतो, न्हायतर म्हणाल म्हातारा आळशी. बहात्तरचा दुष्काळ. सगळं गाव जुन्या तळ्यातला गाळ काढायच्या कामावर, गडी टिकाव मारायलेत, बाया टोपली उचलायल्यात. मी बी गेलो, तर मुकादम म्हणतो कसा, "तात्या, तुम्ही टिकाव वर नेला की तो खाली येस्तवर आमचा जीव टांगणीला लागतोय. तुम्ही त्या बाभळीखाली बसा अन् लेकरं राखा." शाळा दुपारी सुटायची, घरी कोण न्हाय, म्हणून लेकरं तळ्यात. तळ्यात म्हणजे पाण्यात न्हाय, पाणी कुठलं आलंय… एका कोपऱ्यात मऊ गाळ होता, पडलं तरी गुडघा फुटायचा न्हाय, तिथं त्यांची कबड्डी.

गुरुजींनी दोन संघ पाडले अन् म्हणले, नावं तुमची तुम्हीच ठेवा. त्यांना वाटलं वाघ, सिंह असलं कायतरी ठेवतील. तर एका संघानं नाव ठेवलं चेअरमन पार्टी अन् दुसऱ्यानं पडलेली पार्टी. कामून, तर आमच्या सोसायटीचे चेअरमन नानासाहेब, त्यांची नात अयोध्या, चौथीतली, ती हिकडची म्होरकी. अन् निवडणुकीला नानासाहेबाच्या म्होरं उभा ऱ्हाऊन पडलेला श्रीपती, त्याचा धाकटा रामकिसन, तो तिकडचा म्होरक्या. मोठी माणसं निवडणुकीपसून एकमेकाला बोलत न्हाईत, अन् लेकरं रोज एकमेकाच्या झिंज्या धरूनच बोलत्यात.

हरलं की ढेकूळ फेकायचं, जिंकलं की वेडावून दाखवायचं. एक दिवस तर अयोध्यानं रामकिसनच्या दंडाला असं चावलं की गुरुजी म्हणले, "बास झालं. आता एक जरी भांडण दिसलं तर कबड्डी बंद. दुपारभर शाळेच्या पत्र्याखाली बसून पाढे." तुम्हाला सांगतो, पोरीचं तोंड असं उतरलं… ती पोरगी कशी, डोक्यावर घागर असली तरी तोंडात कबड्डी कबड्डी, दम न सोडता आडापासून घरापातूर. तिनं माझं धोतर धरलं. "तात्या, कायबी करा पर खेळ बंद होऊ देऊ नका." आता आली का पंचाईत? मी आपला सावलीला बसलेला माणूस, माझ्या धोतराला कशाला धरावं?

पर लेकराचा शब्द मोडवंना. म्या सगळ्यांना म्होरं बसवलं अन् सावकाश सांगितलं, बाबांनो, हरल्यावर रडायचं न्हाय, हसायचं. सोपं हाय का न्हाय? त्या दिवशी अयोध्या हरली अन् हसली. पर कशी हसली म्हणता, कमरेवर हात ठेवून, रामकिसनकडं बघून असं खदाखदा हसली की जिंकलेलं पोरगं आपली चड्डी चाचपायला लागलं, फाटली का काय म्हणून, अन् तेच रडायला लागलं. जिंकून रडणारा गडी म्या तरी पैल्यांदा बघितला.

म्हणलं, हसणं ऱ्हाऊ द्या, तोंडानं चांगला शब्द बोला. जिंकलेल्याला म्हणायचं, चांगला खेळलास. रामकिसन हरला, गेला अयोध्याम्होरं, लई गुणी पोरावानी उभा ऱ्हायला अन् म्हणला, "चांगली खेळलीस. तुझ्या आज्यानं सोसायटी चालवली त्याच्यापरीस बरी." झालं, पुन्हा झिंज्या. गुरुजी तालुक्याला गेलते म्हणून वाचलो.

मग म्या डोकं चालवलं. चालवायला नको होतं. गुरुजींची पितळी शिट्टी माझ्याकडं असायची, म्हणलं, जो संघ हरून बी गप ऱ्हाईल त्याच्या म्होरक्याला दुसऱ्या दिशी शिट्टी वाजवायला मिळणार. पैल्या दिवशी काय शांतता सांगू तुम्हाला, अयोध्या हरली, रामकिसनच्या पाठीवरची माती तिनंच झाडली, माझ्या डोळ्याला पाणी आलं. अन् दुसऱ्या दिशी रामकिसन कबड्डी कबड्डी करत गेला तो चेअरमन पार्टीच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसला. "दम गेला माझा. धरा." अयोध्या म्हणती, "आमी न्हाय धरत. ऊठ अन् घरी जा." "धर की गं." "तूच आमाला शिव अन् जा." तो हलंना, तर चौघांनी त्याला उचलला, डोलीवानी, अन् रेघेपल्याड नेऊन ठिवला. अन् मग दोन्ही पार्ट्या माझ्यापशी, "तात्या, आमी हरलो," "खोटं हाय तात्या, आमी आधी हरलो," अन् त्यावरनंच ढेकळं. हरण्यावरनं भांडणारी लेकरं कुठं बघितलीत का? शिट्टी नेऊन गुरुजीला दिली अन् पुन्हा येऊन खाली टेकलो. मला काय, मी आपला सावलीला बसलेला माणूस.

त्यानंतर म्या शिकवलंच न्हाय काय. नुसता बघायचो. कोण चिडलं की म्हणायचो, ये बाबा, बस इथं जराशीक, तुझा राग किती मोठा हाय ते सांग मला. लेकरू सांगत बसायचं, सांगता सांगता खेळाकडं ध्यान जायचं अन् राग इसरून पुन्हा पळायचं. एवढंच.

अन् मग शनवारी गुरुजी सोता बघायला आले. खुर्ची आणली, शिट्टी माझ्याच गळ्यात घातली, म्हणले, आज काय ते ठरवू. अन् नेमकं त्याच टायमाला काम बघायचं निमित्त करून हिकडनं नानासाहेब आले अन् तिकडनं श्रीपती.

खेळ लागला. अयोध्या गेली, रामकिसनला शिवली, परत वळली, समदे वरडायलेत, अन् तिनंच थांबून हात वर केला. "तात्या, माझा पाय भायेर गेला. मी बाद." अन् गेली की गुमान बाभळीखाली बसायला. गुरुजी खुर्चीतनं अर्धे उठले, एवढा आनंद. तेवढ्यात नानासाहेब.

"कुठं गेला पाय? म्या डोळ्यानं बघितलंय."

श्रीपती माझ्याकडं बघून म्हणला, "तात्या, त्यांना सांगा, पोरगी खरं बोलायली. घरात एक तरी खरं बोलणारं निघालं."

"तात्या, त्याला सांगा, पडलेल्या माणसानं रेघेची गोष्ट करू नये."

दोघं बी माझ्याशीच भांडायलेत बगा. बोलता बोलता रेघ ओलांडून मैदानात आले, पायतानासकट, अन् भांडण गेलं सोसायटीच्या खताच्या पोत्यापातूर. गुरुजी उठले, तोंड एवढंसं झालेलं, म्हणले, "भांडण ते भांडण, तात्या. कबड्डी बंद."

अयोध्या पळत आली. "गुरुजी, आमी न्हाय भांडलो." अन् वळली ती आज्याकडं, हाताला शिवली त्यांच्या. "आबा, तुमचं नाव खेळात न्हाय अन् तुम्ही आत आलात. बाद." रामकिसन बापाला शिवला, जरा लांबनंच, पर शिवला. "दादा, तुम्ही बी."

समदे माझ्याकडं बघायलेत. सोसायटीच्या चेअरमनला बाद म्हणायचं… म्या शिट्टी तोंडात धरली, ती वाजंना, नुसती फुर्र झाली. म्हणलं, "बाद हाय मालक. दोघं बी."

अन् काय सांगू, गेले. लेकरांम्होरं कसं न्हाय म्हणावं? सगळ्या तळ्यात सावली एकच, म्हणून दोन्ही पार्ट्यांचे बाद झालेले तिथंच बसायचे, रांगंत. तिथं नानासाहेब अन् त्यांच्या शेजारी श्रीपती. गुरुजी बी बसले मग. खेळ चालला. समोरचा एक बाद झाला की आपला एक उठायचा, जो आधी बाद तो आधी, अन् ह्या दोघांचा नंबर सगळ्यात मागं. चेअरमन हळूच "धर, धर" म्हणायला लागले, आपली पार्टी जिंकली तर आपण सुटू म्हणून. पर दर टायमाला एखादं लेकरूच उठायचं.

काम सुटलं, आया हाका मारायल्या, लेकरं एकमेकाच्या गळ्यात हात टाकून गेली, गुरुजी बी खुर्ची घेऊन गेले, सोमवारी पुन्हा कबड्डी म्हणून सांगून. ही दोघं तिथंच.

नानासाहेब म्हणले, "तात्या, आमचं काय?"

म्या म्हणलं, "नंबर आल्याबिगर उठता येत न्हाय मालक. उद्या खेळ लागला की बघू."

श्रीपती म्हणला, "उद्या आयतवार हाय."

नानासाहेबांनी जरासा इचार केला अन् श्रीपतीकडं वळून म्हणले, "मग सरका जरा तिकडं. मला टेकायला बुंधा लागतोय."

अन् सरकला की तो. आता पंचानंच आधी उठून घरी जावं तर ते बी बरं दिसंना… बसलो मग मी बी.