विश्रामभाऊंच्या ओव्या आणि परक्याचं कुलूप

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्ही पण भाता सोडा. मला एक प्रश्न विचारायचाय आणि तो सुरात बुडायला नको.

आपलं म्हणजे काय?

सांगा! घर आपलं. का आपलं? कारण दार आपण उघडतो. आता समजा — भिंती तुमच्या, भांडी तुमची, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तुमच्या आजीच्या हातचा. पण किल्ली पलीकडच्या आळीतल्या माणसाकडे! त्याची मर्जी असेल तर तो उघडणार, नसेल तर तुम्ही ओटीवर पाय हलवत बसणार. मग ते घर तुमचं की त्याचं? माना हलवताय. कीर्तनात माना सगळेच हलवतात हो, खर्च काहीच येत नाही. गोष्ट ऐका, मग बघू किती जणांची मान तशीच हलते ते.

गोष्ट देवरूखची. विश्रामभाऊ रेडीज. कोर्टात मराठी टंकलेखक म्हणून चौतीस वर्षं काढली. टाइपरायटरवर बोटं अशी पडायची की वकील बोलायचे थांबत आणि कागद अगोदर तयार! पण माणसाची एक खोड होती. चूक असलेला कागद टेबलावरून हलू द्यायचा नाही. एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला, की फाडा कागद, घाला नवा. साहेब म्हणायचे, भाऊ, जाऊ द्या की. भाऊ म्हणायचे, नाही साहेब, शुद्ध होऊन जाऊ द्या. ही खोड लक्षात ठेवा, पुढे हिनंच घात केलाय.

भाऊंच्या घरात दोनच माणसं. ते आणि त्यांची थोरली बहीण, द्वारकाअक्का. भाऊ चार वर्षांचे असताना आई गेली. अक्का विसाव्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन माहेरी आलेली. तिनं या पोराला वाढवलं. पहाटे जात्यावर बसायची, पोरगं मांडीला टेकून झोपायचं, आणि अक्का दळता दळता ओव्या म्हणायची. स्वतःच्या रचलेल्या बरं का! शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण ओवी अशी यायची की जात्यानंसुद्धा थांबून ऐकावं.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा अक्का म्हणाली, "विश्राम, लोकांची भांडणं टाइप केलीस जन्मभर. आता माझं काहीतरी लिही."

झालं! भाऊंनी कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं त्यात टाइपरायटरच्याच कळा असलेला एक मराठी फॉन्ट घालून दिला. बोटांना सवय तीच, नवीन काही शिकायला नको, भाऊ खूश. अकरा वर्षं अक्का सांगतेय, भाऊ टाइप करतायत. चारशे सदतीस ओव्या! आणि छापून किती ठेवल्या? एकही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अजून शुद्ध करायच्यात." अहो भाऊ! कोर्ट सुटून दशक उलटलं, आता कुठला साहेब तपासायला येणार होता? पण नाही.

आणि त्या कॉम्प्युटरची गंमत ऐका. दुकानदारानं घातलेलं सगळंच चोरीचं. आतली सगळी यंत्रणा, तो फॉन्ट, सगळ्याच्या नकला. रोज सकाळी पडद्यावर पाटी यायची, ही प्रत अस्सल नाही म्हणून. भाऊ माशी वारावी तशी ती पाटी वारायचे आणि कामाला लागायचे. दसऱ्याला शस्त्रपूजेत तोच कॉम्प्युटर पाटावर. हळद, कुंकू, झेंडूची माळ! चोरीच्या मालाला झेंडूची माळ, आणि वर अक्षता. त्यातले दोन तांदूळ मागच्या पंख्यात गेले, ते आठ दिवस खडखडत होते. हसताय? तुमच्या घरचा कॉम्प्युटर कुठे अस्सल आहे हो? आता कसे गप्प झालात.

मागच्या वर्षी अक्काला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण आठवण गेली. शब्द गेले. भाऊंना ओळखते की नाही, तेही नक्की कळेना. एकच गोष्ट उरली. दुपारी चार वाजता चहा झाला की भाऊ कॉम्प्युटर तिच्या खाटेकडे वळवायचे आणि एक ओवी वाचायचे. शेवटचे दोन शब्द राहिले की थांबायचे. आणि अक्का ते दोन शब्द म्हणायची. बरोब्बर! दिवसभरात तेवढंच तिचं बोलणं. भाऊ त्या दोन शब्दांवर उरलेला दिवस काढायचे.

आता विघ्न कसं आलं बघा. त्या यंत्रणेचा कारखाना सातासमुद्रापार. त्यांनी एक दिवस ठरवलं, ही जुनी आवृत्ती आम्ही आता सांभाळणार नाही. आणि नवी तुमच्या मशीनवर चालणार नाही. नवं मशीन घ्या! मशीन चालतंय ना? चालतंय. मग? तरी नवं घ्या! पेन्शनचं पान उघडेना, बँकेचं उघडेना. भाऊंच्या नाकी नऊ आले.

शेवटी गेले कुंदा शेट्ये मॅडमकडे. हायस्कूलची कॉम्प्युटरची खोली मॅडम एकट्या सांभाळतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, मशीनला काही झालेलं नाही. त्या जुन्या यंत्रणेच्या जागी लिनक्स घालून देते. आमच्या शाळेत सगळीकडे तेच आहे."

"केवढ्याला पडेल?"

"काही नाही."

"फुकट? मग त्यात काहीतरी काळंबेरं असणार."

बघा! चोरीचं इतकी वर्षं पचलं, आणि कुणी राजीखुशीनं दिलेलं घशाखाली उतरेना! हेच भाऊ भंडाऱ्याला दोनदा पंगतीत बसतात, तेव्हा नाही विचारत फुकट कसं म्हणून. मॅडमनी तेच सांगितलं. "भाऊ, भंडाऱ्याची आमटी कोण करतं? गाव करतं. चूल उघड्यावर असते. आत काय पडलं ते कुणीही झाकण उचलून बघावं, मीठ कमी असलं तर घालावं, जमलं तर घरी जाऊन तशीच करावी. हे तसंच आहे. जगभरच्या माणसांनी मिळून केलंय, आणि झाकण कुणीच लावलेलं नाही."

भाऊंना पटलं. म्हणजे पटल्यासारखं केलं. आपल्या फायली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, मॅडमनी जुनं सगळं पुसलं, नवं घातलं. बँक उघडली, पेन्शन उघडली, पंचांगसुद्धा उघडलं. आणि मशीन पळायला लागलं हो! भाऊ शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते.

चार वाजले. चहा झाला. पडदा अक्काकडे वळवला. ओव्यांची फाइल उघडली.

इंग्रजी अक्षरं. एक इंग्रजी अक्षर, एक अर्धविराम, दोन कंस, पुन्हा अक्षर. पानंच्या पानं नुसता कचरा! चारशे सदतीस ओव्यांत मराठीचा एक काना नाही.

अक्का भाऊंच्या तोंडाकडे बघत होती. भाऊंनी एखादी ओवी आठवून बघितली. येईना! अहो, अकरा वर्षं स्वतः टाइप केलेली, वर्षभर रोज वाचलेली, आणि एकही पाठ नाही. टाइपिस्टाची बोटं लक्षात ठेवतात, डोकं नाही ठेवत. भाऊ म्हणाले, "आज नको अक्का, मशीन बिघडलंय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्कानं चहाच घेतला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊ तडक मॅडमच्या घरी. चप्पल न काढता ओटीवर! म्हणाले, "तुमच्या या फुकटच्या यंत्रणेनं माझी बहीण गिळली."

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, फाइल आपल्या मशीनवर उघडली आणि त्या फॉन्टचं नाव घेऊन इंटरनेटवर शोधत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, राग येईल, पण ऐका. तुम्ही मराठी लिहिलंच नव्हतं. आत पहिल्यापासून इंग्रजी अक्षरंच आहेत. तो फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग चढवत होता. आपल्याकडे नमनाच्या खेळात मुखवटा घालून संकासूर नाचतो ना? मुखवटा काढला की आत आपला पोस्टमन. तसं झालंय. मुखवटा जुन्या यंत्रणेत होता, तो मी पुसला. मी विचारायला हवं होतं, माझीही चूक आहे."

"मग तो पुन्हा आणा."

"दुकान कधीच बंद झालं. मी आत्ता तेच शोधत होते. फॉन्ट बनवणारेही राहिले नाहीत. आणि आपली प्रत चोरीची, तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार?"

ऐकलंत? चारशे सदतीस ओव्या अक्काच्या. टाइप भाऊंनी केल्या. मशीन भाऊंच्या घरात. आणि किल्ली एका परक्या दुकानाकडे, ते दुकान बंद! मला सांगा, अकरा वर्षांत या शहाण्या माणसाला एक कागद छापता येत नव्हता? बैल गेला आणि झोपा केला! मला भाऊंचा इतका राग येतो, इतका राग येतो... आणि मग माझ्या लक्षात येतं की माझी स्वतःची सगळी टिपणं मोबाइलमध्ये एका ठिकाणी आहेत, त्याचा पासवर्ड मी विसरलोय, आणि तीन महिने कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगितलं. असो.

भाऊ ओटीवर बसले ते बसलेच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडम काही सापडतं का म्हणून पडद्यावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लागल्या. "टी. के. मोठा आर. अर्धविराम. पुन्हा के..."

आणि भाऊंची बोटं गुडघ्यावर हलली.

मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "भाऊ, टाइपरायटरच्या कळा होत्या ना? टी दाबलं की काय उठायचं?"

"ज."

"के?"

"काना. मोठा आर म्हणजे अर्धा त. अर्धविरामाच्या कळेवर य..." भाऊ थांबले. बोटांकडे बघायला लागले. "जात्या. मॅडम, हे 'जात्या' आहे."

मंडळी! तो कचरा नव्हता! अकरा वर्षं भाऊंनी जी कळ दाबली, तीच तिथे जशीच्या तशी पडली होती. मुखवटा गेला होता, पण संकासुराच्या आत कोण आहे ते या दहा बोटांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं कोर्टात झिजलेली बोटं! परक्यानं कुलूप घातलं, आणि किल्ली या माणसाच्या हातात वळत होती. त्यालाच माहीत नव्हतं!

मॅडम म्हणाल्या, "दोन आठवडे बसू. कुठल्या कळेला कुठलं अक्षर, तुम्ही सांगा, मी तक्ता करते. त्यावरून सगळ्या ओव्या खऱ्या मराठीत उतरवता येतील."

भाऊंनी घड्याळ बघितलं. पावणेचार! म्हणाले, "तक्ता उद्या. आज हे पहिलं पान असंच छापून द्या."

"असंच? हा कचरा?"

"असंच."

चारला पाच कमी असताना भाऊ घरात. चहा टाकला. अक्का भिंतीकडे तोंड करून. भाऊंनी देवापुढचा पाट उचलला, मांडीवर घेतला, समोर तो कागद धरला. कागदावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. पहिल्या ओळीवर नजर ठेवून पाटावर बोटं वाजवायला लागले. टक्, टक्, टक्. बोट पडायचं आणि अक्षर तोंडात यायचं. हळूहळू, लहान मूल वाचतं तसं. चुकत होते. हो, चुकत होते! एक काना गेला, एक वेलांटी मागेपुढे झाली. जन्मात पहिल्यांदा विश्राम रेडीज चुकीचा कागद पुढे ढकलत होते.

"जात्यातला... दाणा एक... उडाला बाहेर,
तसं माझ्या... जिवाला गं..."

आणि थांबले. पाटावरची बोटं थांबली.

अक्कानं मान वळवली. भाऊंकडे नाही बघितलं, त्या पाटाकडे बघितलं, त्या बोटांकडे. आणि म्हणाली,

"दिसलं माहेर."

मग चहासाठी हात पुढे केला.

पुढे तक्ता झाला. चारशे सदतीस ओव्या उघडल्या. भाऊंनी त्या शुद्ध न करता, आहेत तशा छापून तीन घरांत ठेवल्या. आणि तो तक्ता मॅडमनी भंडाऱ्याच्या आमटीसारखा उघड्यावर ठेवला, कुणीही न्यावा म्हणून. राजापूरच्या एका मंडळाचं वीस वर्षांचं इतिवृत्त त्याच फॉन्टात अडकलं होतं, ते त्यानंच सुटलं.

तर मंडळी, आता मी तुमच्याकडे वळतो. मघापासून बघतोय, निम्मे लोक मोबाइल वर धरून माझं कीर्तन टिपताहेत. टिपा! पण मला सांगा, त्याच मोबाइलमध्ये तुमच्या आईचा आवाज आहे की नाही? बापाचा शेवटचा फोटो? तो कुणाच्या कोठीत पडलाय, दुसरीकडे उघडतो का, उद्या त्या कोठीवाल्यानं दार लावलं तर काय करणार, कधी विचारलंत? मघा कशा जोरात माना हलत होत्या. आता एकही हलत नाही.

विश्रामभाऊंनी चौतीस वर्षं बोटं झिजवली होती, म्हणून वेळ आल्यावर पाटावर ओवी वाजली. तुमच्या समोर पाट ठेवला तर तुमची बोटं काय वाजवतील हो? सरकवण्यापलीकडे काय येतं त्यांना?

आज घरी गेलात की आईशेजारी बसा. एक ओवी, एक गाणं, एक गाऱ्हाणं, जे तिचं असेल ते विचारा आणि कागदावर लिहा. अशुद्ध लिहा. शुद्ध करायला थांबू नका, कुणाचीच अक्का तेवढी थांबत नाही.

चला, मोबाइल खाली ठेवा आणि टाळ घ्या हातात. देवाचं नाव उघडायला अजून तरी कुणाची किल्ली लागत नाही. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!