उसातला पाठलाग

पलूसच्या स्टँडवर मागच्या बाकड्यावर दोघं दोस्त एका हेराच्या सात सिनेमांवरनं हमरीतुमरीवर आले, तशी एसटीची वाट बघत बसलेल्या अंकितानं कानातले इयरफोन काढून ठेवले.

“नाथाजी, तिसराच भारी गड्या!”

“तू कवा बघितलास, जयराज? तवा तू बर्फात ड्युटीवर हुतास.”

“तूच फोनवर सांगितलास की. हेराचा उसाच्या फडातला पाठलाग ऐकून आमची समदी बराक हसली.”

“मग नंतर बघितलास व्हय?”

“बघितला. ऊस न्हाईच त्यात!”

“तू लय उदास हुतास रं. घातलं थोडं पदरचं.”

“आता रिटायर झालोय. आठवा सिनेमा एकत्रच बघू.”

“मग मी काय सांगू?”

“थेटरातनं घरी येताना सांग की. ऊस घालून.”