नरसिंगरावांची मंजुरी

बुद्धप्रिया : म्हणजे सर, तुम्ही नांदेडच्या मुख्य कार्यालयात बसत नाही?

नरसिंगराव : मी औशात बसतो, मॅडम. या खाटेवर. तीन वर्षं झाली.

बुद्धप्रिया : आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेत सगळे समजतात की तुम्ही नांदेडला असता.

नरसिंगराव : आणि नांदेडला?

बुद्धप्रिया : तिथे समजतात की तुम्ही लातूरला असता.

नागुबाई : आन् घरी आमाला वाटतं ह्ये आफिसातच हायेत. सकाळधरनं मोबाईलात तोंड खुपसून टिका मारून राहिले. धा हाका मारल्या की एक ‘हं’ येतं.

नरसिंगराव : नागू, बाई लातूरहून आल्यात. त्यांना बोलू दे. मॅडम, नाव काय म्हणालात?

बुद्धप्रिया : बुद्धप्रिया. प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, कंत्राटी. गावोगावच्या पाण्याचे नमुने मी तपासते, आकडे ऑनलाईन शीटमध्ये मी भरते, आणि शेजारच्या मंजुरीच्या रकान्यात तुमची टिक येते. आपण दोन वर्षं एकत्र काम करतो आहोत.

नरसिंगराव : ‘बी. सोनकांबळे’ म्हणजे तुम्ही होय! मला वाटलं, कोणी बाबुराव असतील.

बुद्धप्रिया : तुमच्याविषयी माझं मत फार चांगलं होतं. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मंजुरी. रविवारीसुद्धा. प्रयोगशाळेत मी इतरांना तुमचं उदाहरण देत असे.

नागुबाई : रविवारी तर दोनदा बसायचे.

बुद्धप्रिया : निवृत्त झाल्यावर तुमचं खातं बंद कसं झालं नाही, हे मला कळलेलं नाही.

नरसिंगराव : त्यात माझ्याकडून कसूर नाही. निरोप समारंभ झाला. शाल दिली, नारळ दिला. कपाटाच्या किल्ल्या जमा करून घेतल्या, ओळखपत्र घेतलं, पंचिंग मशीनसुद्धा घेतलं. सगळ्याची पोच माझ्याकडे आहे. पासवर्ड कोणी मागितला नाही.

बुद्धप्रिया : आणि तुम्ही दिला नाही.

नरसिंगराव : जमा करायच्या यादीत तो नव्हता.

बुद्धप्रिया : बरं.

नरसिंगराव : समारंभ शुक्रवारी झाला. सोमवारी मोबाईल वाजला. ‘आपल्या मंजुरीसाठी सतरा नोंदी प्रलंबित.’ आता तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने ‘प्रलंबित’ हा शब्द वाचून काय करावं?

नागुबाई : चा प्यावा.

नरसिंगराव : मला वाटलं, नवा माणूस येईपर्यंत साहेबांनीच मुद्दाम ठेवलं असेल. मी वाट पाहिली. कोणी नको म्हणालं नाही.

बुद्धप्रिया : तुमच्या जागी कोणी आलंच नाही, सर. काम अडलं असतं तर पद भरलं असतं. काम अडलं नाही.

नरसिंगराव : हे तुम्ही कौतुकाने म्हणताय ना?

बुद्धप्रिया : नाही. मला एक सांगा. टिक म्हणजे तुम्ही काय समजत होता?

नरसिंगराव : पाहिले.

बुद्धप्रिया : फक्त पाहिले?

नरसिंगराव : दफ्तराचा रिवाज आहे. फाईल टेबलावर आली की मुख्य लिपिकाने समासात लाल पेन्सिलने टिक करायची. अर्थ एवढाच, की कागद माझ्या नजरेखालून गेला. आता साहेबांकडे जाऊ द्या. निर्णय साहेबांचा. मी उभ्या नोकरीत निर्णय घेतलेला नाही. तो माझा अधिकारच नव्हता.

बुद्धप्रिया : शीटमध्ये टिकचा अर्थ वेगळा आहे. तिचा अर्थ ‘प्रश्न मिटला’ असा होतो. टिक केली की माझा शेरा दिसेनासा होतो आणि नोंदीला कुलूप लागतं.

नरसिंगराव : आणि मग ती साहेबांकडे जाते.

बुद्धप्रिया : कोणाकडेच जात नाही. त्या रचनेत तुमच्यावर कोणी नाही.

नरसिंगराव : माझ्यावर कोणी नाही?

बुद्धप्रिया : नाही. शेवटचे तुम्ही.

नागुबाई : बगा! आन् मला सांगून राहिलेत, रिटायर झालो.

नरसिंगराव : नागू, गप्प बस जरा. मॅडम, एवढं सांगायला तुम्ही औशाला आला नसाल. कुठली नोंद आहे?

बुद्धप्रिया : जळकोट तालुक्यातली खडकवस्ती. तिथल्या शाळेचा हापसा. पाण्यात फ्लोराईड लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तिथे तीन पूर्णांक एक निघालं. मागच्या वर्षी जूनमध्ये मी शेरा लिहिला, ‘पिण्यास अयोग्य, हापसा तातडीने बंद करावा.’ दुसऱ्या दिवशी सात-दहाला तुमची टिक आली. मी समजले, हापसा बंद झाला.

नरसिंगराव : झाला नव्हता?

बुद्धप्रिया : गेल्या गुरुवारी मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते. मधली सुट्टी होती. हापशापुढे मुलांची रांग होती. एक मुलगी माझ्याकडे बघून हसली, तर पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. मी उभी राहून मोजलं. तीस मुलांपैकी अकरा.

नागुबाई : दातच ना, लेकरा? माझ्या म्हायेरी निम्म्या गावाचे तसेच हायेत.

बुद्धप्रिया : दात दिसतात, मावशी, म्हणून मोजता येतात. हाडं दिसत नाहीत.

नरसिंगराव : म्हणजे अकरा मुलांचे दात माझ्यामुळे...

बुद्धप्रिया : नाही. असं म्हणणं चुकीचं ठरेल. दात हिरडीत तयार होतानाच ते डाग पडतात. ते आधीच्या वर्षांचे आहेत. तुमच्या आणि माझ्या वाट्याला मधले चौदा महिने येतात. त्यांचा हिशेब अजून दिसायचा आहे.

नरसिंगराव : तुमच्या वाट्याला कसे?

बुद्धप्रिया : प्रत्येक नमुना मी दोनदा तपासते. सोबत शुद्ध पाण्याचा कोरा नमुना लावते, म्हणजे यंत्र खोटं बोलत असेल तर कळावं. तुमची टिक मात्र मी खरी धरून चालले. चूक निम्मी माझी आहे. तसं लिहून आणलं आहे. हवं तर वाचा.

नरसिंगराव : नको.

बुद्धप्रिया : सर, तुम्ही वाचत होता का? शेरे?

नरसिंगराव : सुरुवातीला शब्द न् शब्द वाचत होतो. पुढे अक्षर बारीक झालं.

नागुबाई : अक्षर न्हाई बारीक झालं. डोळ्यात मोतीबिंदू झालाय. लातूरला दवाखान्यात चला म्हनलं, तर म्हनतात, आफिस सुटत न्हाई.

नरसिंगराव : तुम्ही त्या शाळेत तोंडी सांगायचं होतं, मॅडम. गुरुवारीच.

बुद्धप्रिया : सांगितलं. मुख्याध्यापकांनी खिशातून मोबाईल काढला. आमच्याच शीटमध्ये खडकवस्तीपुढे हिरवा रंग होता. म्हणाले, ‘तुम्ही कंत्राटी आणि हे मंजूर. मी कोणाचं ऐकू?’ तर्क म्हणून त्यात मला खोट काढता आली नाही. शुक्रवारी नांदेडला फोन केला. ते म्हणाले, ‘कुलूप नरसिंगरावांच्याच खात्यातून उघडतं, त्यांना भेटा, ते तुमच्याच इमारतीत बसतात.’ मी काल तिन्ही मजले पाहिले. शेवटी रामलिंगला विचारलं.

नरसिंगराव : शिपाई रामलिंग? बरा आहे का तो?

बुद्धप्रिया : बरा आहे. म्हणाला, ‘त्यांच्या निरोपाचा नारळ मीच आणला होता.’ मग सकाळची बस धरली. सर, नोंद उघडा.

नरसिंगराव : उघडली की माझं नाव दिसेल.

बुद्धप्रिया : नाव आत्ताही दिसतं आहे.

नरसिंगराव : आत्ता दिसतं ते मंजुरी देणारा म्हणून. मग दिसेल ते चौकशीत. निवृत्त माणूस तीन वर्षं अहवाल मंजूर करत होता, असं लिहिलं जाईल. चौतीस वर्षांत मला एक मेमो नाही, मॅडम. आमच्या गल्लीतून टेबलखुर्चीवर बसलेला मी पहिला. लोक अजून ‘हेडक्लार्क’ म्हणून हाक मारतात. पोरं शाळेचा दाखला घेऊन येतात, ‘बघा, काका, बरोबर हाय का.’

नागुबाई : काय करतील म्हनते मी? रिटायर करतील का परत?

बुद्धप्रिया : चौकशी लागणार नाही, असं मी सांगणार नाही. मला माहीत नाही. माझा करार मार्चमध्ये संपतो, तो पुढे वाढणार नाही हेही शक्य आहे. एक गोष्ट मात्र नक्की माहीत आहे. आज शाळा आहे आणि मधली सुट्टी दीड वाजता होते.

नरसिंगराव : आता किती वाजले?

बुद्धप्रिया : बारा वाजून पाच मिनिटं.

नरसिंगराव : नागू, चष्मा दे.

नागुबाई : डोक्यावर हाय.

नरसिंगराव : हं. कुठं दाबायचं?

बुद्धप्रिया : इथे. आता कारण विचारतंय. किमान वीस अक्षरं हवीत. तुम्ही सांगा, मी टाईप करते.

नरसिंगराव : घ्या. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, सदर नोंदीसंदर्भात अनवधानाने झालेल्या तांत्रिक स्वरूपाच्या कार्यवाहीमुळे उद्भवलेली परिस्थिती विचारात घेता’...

बुद्धप्रिया : वीस अक्षरं केव्हाच झाली, सर. पण त्यात अजून काही घडलेलं नाही.

नरसिंगराव : मग काय लिहायचं?

बुद्धप्रिया : घडलं ते.

नरसिंगराव : ‘वाचले नाही.’

बुद्धप्रिया : घेत नाही. अक्षरं कमी पडतात.

नागुबाई : लई खरं बोललं की त्याला बी पटत न्हाई.

नरसिंगराव : ‘मी ही नोंद न वाचता मिटवली होती. नरसिंग.’

बुद्धप्रिया : घेतलं. आता लाल झालं. मुख्याध्यापक भागवत गुरुजींचा नंबर हा. मी फोन केला तर ते उचलणार नाहीत.

नरसिंगराव : लावा... हॅलो, भागवत गुरुजी का? नरसिंगराव बोलतो. हो, तेच, मंजुरीवाले... शीट उघडा. लाल दिसतंय?... नाही, चुकून नाही. मुद्दाम केलं... नाही, लातूरहून नाही. नांदेडहूनही नाही. घरून बोलतोय, औशाहून. मी निवृत्त आहे, गुरुजी... तीन वर्षं... हो, ते हिरवं मीच केलं होतं. माझं चुकलं... कोणाच्या अधिकारात म्हणजे? माझा काही अधिकार नाही. म्हणून म्हणतो, माझं ऐकू नका. माझ्याजवळ केमिस्ट मॅडम बसल्यात. पाणी त्यांनी तपासलंय. त्यांचं ऐका.

बुद्धप्रिया : नमस्कार, सर. हो, गुरुवारचीच... नुसती पाटी लावू नका, मुलं पाटीखालून पाणी पितील. हापशाचा दांडा काढून आत ठेवा... पाना तुमच्याकडे नसेल तर ग्रामपंचायतीत असतो... वस्तीच्या खालच्या अंगाला विहीर आहे, तिचं पाणी चांगलं आहे, मी दोनदा तपासलंय. आजच्या दिवस तिथून भरा... लेखी संध्याकाळपर्यंत येईल, माझ्या सहीने... हो, कंत्राटी सही. आणि दांडा काढल्यावर फोटो पाठवा... तुमच्यावर विश्वास आहे, सर. फोटोही पाठवा.

(तासभर गेला आहे. भाकरी खाऊन झाल्या आहेत.)

नागुबाई : मोबाईल वाजला बगा.

बुद्धप्रिया : एक वाजून वीस मिनिटं. फोटो आला. दांडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, हजेरीपटाच्या बाजूला.

नरसिंगराव : बघू... मॅडम, दांडा आहे हे मान्य. पण हा त्याच हापशाचा कशावरून?

बुद्धप्रिया : द्या इकडे मोबाईल.

नरसिंगराव : चुकीचं विचारलं का?

बुद्धप्रिया : नाही. हे मी विचारायला हवं होतं. हापशाचा फोटो मागवते... आला. दांडा नाही. मागे शाळेची भिंत दिसते, शाळेचं नाव वाचता येतं. मुलं विहिरीकडे चालली आहेत.

नरसिंगराव : झालं म्हणायचं.

बुद्धप्रिया : या गावाचं आजच्यापुरतं झालं. उद्या परत विचारावं लागेल. आणि अशा आणखी छत्तीस नोंदी आहेत. मी मोबाईलमध्ये यादी करून आणली आहे. वाचून दाखवू?

नागुबाई : छत्तीस! लेकरा, मग तुझी चारची गाडी हुकली म्हन.

नरसिंगराव : तुम्ही नका वाचू. इकडे द्या. अक्षर मोठं करता येतं का यात?

बुद्धप्रिया : येतं. दोन बोटांनी असं ताणायचं.

नरसिंगराव : अरेच्चा. तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही.

नागुबाई : इचारलं कुनाला?

नरसिंगराव : हं. ‘नोंद क्रमांक एकशे बारा. विहीर. फ्लोराईड... दोन पूर्णांक... चार. या विहिरीचा नमुना तिसऱ्यांदा आला आहे. विहीर बंद केलेली असेल तर नमुना येतो कसा? कृपया कोणी वाचत असल्यास कळवावे.’ मागच्या सप्टेंबरची तारीख आहे.

बुद्धप्रिया : हो. दुसऱ्या दिवशी त्यालाही टिक आली, आणि मी तीही खरी धरली.

नरसिंगराव : वाचलं, मॅडम.