पंचावन्न डेसिबलच्या आतलं रडणं

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या सुयश लेआउट रहिवासी समितीचे अध्यक्ष माननीय भोजराजजी, बदली झाल्यामुळे आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या नगर परिषदेच्या रक्षा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी सुगत. समितीचा सचिव म्हणून मॅडमबद्दल मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. मला बोलायची सवय नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मी मोजणीचं काम करतो. दोन शेतांमधली हद्द कुठून जाते ते दाखवायचं, खुणा करायच्या आणि निघायचं. बोलायचं काम दोन्हीकडचे शेतकरी करतात.

मागून कोणी तरी म्हणतंय, "सुगतभाऊ, आवाज येऊन नाही राहिला!" बरोबर आहे. माईक जवळ घेतो.

मॅडम आवाजाचे नियम समजावायला पहिल्यांदा याच सभागृहात आल्या तेव्हा त्यांनी आपल्याला विचारलं होतं, "आधी मला सांगा, गोंगाट म्हणजे काय?" आठवतं का? भोजराजजी लगेच म्हणाले, "लग्नाचा डीजे, दुसरं काय?" तर मागून त्यांच्याच घरच्या वहिनी म्हणाल्या, "अन् तुमचं घोरणं कोणत्या कलमात घालाचं?" किती हसलो होतो आपण. मग कोणी भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा म्हणालं, कोणी पोरांच्या मोटरसायकली. मग एकानं विचारलं, "मंदिराचा लाउडस्पीकर धराचा की विहाराचा?" आणि सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मीटर कोणाचं नाव विचारत नाही." विषय तिथंच मिटला. हे त्यांचं कसब. पुढेही भांडणं झाली, पण त्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही.

त्यांनीच आपल्याला समजावलं की राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूला शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. "एकाच्या आनंदानं दुसऱ्याची झोप मोडू नये, एवढंच या नियमाचं काम," असं त्या म्हणाल्या होत्या. आणि खरंच, डीजे बंद झाला. आपल्या रत्नाबाई काकूंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. वरातीच्या दिवशी त्या बहिणीकडे वरठीला जाऊन झोपायच्या. आता आपल्या घरी झोपतात. मी आज जे बोलणार आहे ते या नियमाविरुद्ध नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

त्यानंतर नगर परिषदेची 'शांत वसाहत' स्पर्धा आली आणि आपण लेआउटची स्वतःची नियमावली करायचं ठरवलं. हद्द आखणारा माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'लेआउटच्या आत कोणताही मोठा सामूहिक आवाज करायचा असल्यास दोन दिवस आधी समितीला कळवावे.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, हद्द नीट बसली.

दोन दिवस आधी कळवता येणार नाही असं माणसाच्या घरात काही घडतं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

त्या स्पर्धेत आपल्याला मिळालेल्या फिरत्या ढालीबरोबरचं मानपत्र आत्ता रिताताईंनी वाचलं. 'भर दुपारी एक्केचाळीस डेसिबल, स्पर्धेतील सर्वांत कमी नोंद.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, हे काही जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो.

त्या दुपारी माझी आई वच्छलाबाई आमच्या बैठकीत जमिनीवर ठेवलेली होती. तिच्याभोवती पवनीकडच्या पंचवीस-तीस बाया बसल्या होत्या, आणि घरात फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मॅडम, तुम्हाला हे माहीत नव्हतं. स्पर्धेसाठी आवाज मोजणारं मीटर बागेजवळच्या खांबावर होतं, आमच्या घरासमोर. त्यानं जे ऐकलं ते लिहिलं.

आमच्याकडे मयतीला येणारी बाई दारात येऊन रडत नाही. ती गल्लीच्या तोंडापासून रडत येते. त्या आवाजावरून घरातल्या बायांना कळतं की अमुक आली. मग त्या रडत पुढे जातात आणि तिला गळ्याशी धरून आत आणतात. त्या रडण्यात शब्द असतात. गेलेल्या बाईचं सगळं आयुष्य त्यात येतं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावी हेच असेल.

माझी मावशी गोदावरीबाई, आईची धाकटी बहीण, पवनीहून आली. आपल्या फाटकाशी उतरली आणि तिथूनच तिनं सुरुवात केली. "वच्छले वं, माह्यासाठी डोंग्यातून नदीत उडी घेतली होतीस वं..."

एवढंच. आपले चौकीदार डोमाभाऊ पुढे झाले. "बाई, आत आवाज करता येत नाही. लिहून देलं हाये."

मावशी म्हणाली, "काहून? कोणी मेलंच नाही का इथं?"

डोमाभाऊंनी मला फोन केला. डोमाभाऊ, तुम्ही मागे उभे आहात, तुमची काहीच चूक नाही. तुम्हाला ते लिहून मीच दिलं होतं. मी फाटकाशी आलो. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमध्ये तुम्ही काही जण उभे होता. मी मावशीचा हात धरला आणि म्हणालो, "मावशी, आत चल. पण हळू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदराचा बोळा करून तोंडात धरला. मागच्या बायांनीही तसंच केलं. माझी पत्नी प्रतिक्षा रडत दारापर्यंत आली होती. या सगळ्यांना तसं येताना पाहून तीही गप्प झाली.

तुमच्यापैकी कोणाचीही तक्रार नव्हती, हे मला आज इथं सांगितलंच पाहिजे. भोजराजजी तर घरी येऊन म्हणाले होते, "सुगतभाऊ, आमची काही अडचण नाही बरं." त्यांच्या नातीची बारावीची परीक्षा होती, तरी म्हणाले. मला कोणी काही म्हणेल याची भीती नव्हती. मला लाज वाटली होती. या एवढ्या चांगल्या लेआउटमध्ये, शिकल्या-सवरल्या लोकांसमोर, माझ्या माणसांचं असं मोठ्यानं रडणं मला नको होतं. नियम हाताशी होता, म्हणून तो पुढे केला. आज लाज वाटते ती त्या लाजेची.

मावशी आमच्या घरचा चहासुद्धा न पिता गेली.

पुढे एक दिवस मी मॅडमना फोन केला. विचारलं, "मॅडम, मयतीतलं रडणं कशात बसतं?" त्या म्हणाल्या, "सर, आमच्या नियमात लाउडस्पीकर आहे, वाद्यं आहेत, फटाके आहेत, हॉर्न आहे. मयतीत बाया रडल्या म्हणून मी कोणाला नोटीस दिलेली नाही. ते तुम्ही घातलं." मॅडम, निरोपाच्या भाषणात पाहुण्यांचे उपकार सांगायचे असतात. माझ्यावर तुमचा सगळ्यात मोठा उपकार हे वाक्य आहे.

मागच्या आठवड्यात मी पवनीला गेलो. येत्या रविवारी आईच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याचं सांगायला. मावशी ओसरीत तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमच्या इथं रडाले अर्ज करा लागते म्हणे. दोन दिवस आंधी. कोणाजवळ देऊ, तुह्याजवळच का?"

मी म्हणालो, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं तं चुकलं. आता का कान धरून उठाबशा काढाच्या का या वयात?"

मी तिच्याजवळ बसलो. विचारलं, "आईनं डोंग्यातून उडी घेतली होती, ते काय होतं?" माझी आई लहानपणी कशी होती, हे मला माहीत नाही. आपल्याबद्दल ती कधी बोलायची नाही. लग्नाआधीची माझी आई माहीत असलेलं मावशीशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

मावशीनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "असं बसून सांगाची गोष्ट नव्हे बाप्पा ते. मले बी असं आठवत नाही. रडता रडता येते ते."

येईन म्हणाली आहे. रविवारी सकाळी पोचेल.

म्हणून अध्यक्ष महोदय, दोन विनंत्या करतो. ही फिरती ढाल समितीच्या खोलीत राहू द्या, सचिव म्हणून माझ्या घरी ठेवायला देऊ नका. आणि ते कलम पुढच्या सभेत बदलू, पण रविवार त्याआधी येतो. नियमाप्रमाणे दोन दिवस आधी कळवायचं असतं. आज बुधवार आहे. मी कळवतो आहे. माझी मावशी फाटकापासून रडत येणार आहे. तिचा आवाज मोठा आहे. मीटर अजून खांबावर आहे आणि नव्या वर्षाच्या नोंदी सुरू झाल्या आहेत. ढाल पुढच्या वर्षी दुसऱ्या वसाहतीत गेली, तर सुगतमुळे गेली असं खुशाल म्हणा.

डोमाभाऊ, फाटक पूर्ण उघडं ठेवा. मॅडम, तुमचा नव्या गावी जायचा दिवस सोमवार आहे, हे मी विचारून ठेवलं आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला यावं.

आणि शेजाऱ्यांनो, त्या वेळी कृपा करून खिडक्या लावून घेऊ नका. डोंग्याच्या पुढचं मलाही ऐकायचं आहे.

तुम्ही मला इतका वेळ ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. मॅडमबद्दल बोलायचं सोडून घरचंच बोलत राहिलो, माझा आवाजही मागच्या रांगांपर्यंत नीट पोचला नसेल. या दोन्हींबद्दल मला माफ करा. जय भीम, नमस्कार.